कोऱ्या पानावर सही करू नकोस

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेदहाला तुझा फोन आला आणि तू पहिलंच वाक्य बोललीस, "सर, मी सही केली, पण कशावर केली ते सांगता येत नाही." त्यानंतर मला झोप लागली नाही. खानापूरहून रोज रेल्वेनं ये-जा करून दहावी झालेली मुलगी आपल्याच शाळेच्या कार्यकारी मंडळावर स्वीकृत सदस्य म्हणून बसली, याचा मला किती आनंद झाला होता हे तुला ठाऊक आहे. पण पहिल्याच सभेत तुझ्या हातून जे झालं, तेच वीस वर्षांपूर्वी माझ्या हातून झालं होतं. फोनवर मी नीट बोलू शकलो नाही, म्हणून लिहितो.

तू सांगितलंस ते असं. चहा आला, शिपायानं प्रोसिडिंग बुक, म्हणजे इतिवृत्ताची वही, फिरवलं. पानाच्या माथ्यावर तारीख, वार आणि "कार्यकारी मंडळाची मासिक सभा". तळाला एक ते अकरा आकडे आणि आकड्यांपुढं सह्या. मधलं सगळं पान कोरं. सेक्रेटरी म्हणाले, "मजकूर सावकाश लिहून घेतो." सहाव्या आकड्यासमोर तू सही केलीस.

मी चौथ्या आकड्यासमोर केली होती. २००६ सालचा जुलै, आपल्या बेळगावचा तो न थांबणारा पाऊस, मुख्याध्यापकांच्या खोलीत ओल्या छत्र्यांचा वास. स्नेहसंमेलनाच्या खर्चावर आणि गळणाऱ्या कौलांवर तासभर बोलणं झालं, कुंदा खाऊन झाला, वही फिरली. मार्चमध्ये मला कळलं, त्या पानावर ठराव क्रमांक सात म्हणून रस्त्याकडची मैदानाची पट्टी दुकानांसाठी वीस वर्षांच्या भाडेकरारानं द्यायचं लिहिलं आहे. सूचक, अनुमोदक, "सर्वानुमते मंजूर", आणि खाली माझी सही. विषयपत्रिकेत मैदानाचं नाव नव्हतं. शेवटचा विषय मात्र होता: "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय". त्या एका ओळीत आपलं खो-खोचं मैदान गेलं. पुढं चौकशीत वकिलांनी ते पान माझ्यासमोर धरून विचारलं, "ही सही तुमचीच ना?" मी होय म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

म्हणून सांगतो, कोऱ्या पानावर सही करायची नाही. घाई असो, सगळे थांबलेले असोत, अध्यक्ष तुझ्या वडिलांचे मित्र असोत. कोऱ्या पानावर सही करायची नाही.

तू म्हणशील, हजेरीचीच तर सही. वहीत हजेरी वेगळी आणि ठराव वेगळा असं कुणी वाचत नाही गं. बँकेत खातं उघडायचं, सह्यांचे अधिकार बदलायचे, कर्ज काढायचं, तर बँक ठरावाची नक्कल मागते. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, आणि तिथं संस्थेच्या वतीनं सही कोण करणार हे ठरावावरून ठरतं. आयकराचंही तेच. धर्मादाय संस्थेनं उत्पन्नातले ८५ टक्के त्या वर्षी कामावर खर्च करायचे असतात. तेवढे झाले नाहीत, तर उरलेले कशासाठी साठवतोय ते ठरावानं सांगावं लागतं. संस्थेला स्वतःचा हात नसतो, ती ठरावानंच बोलते. ते बोलणं तुझ्या नावानं दुसऱ्यानं लिहायचं आणि तू खाली सही करून मोकळं व्हायचं, हे मला सहन होत नाही.

माझी खरी चूक तर पुढच्या महिन्यातली आहे. प्रत्येक सभेचा पहिला विषय काय असतो? "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे." वाचून! हा शब्द घालणाऱ्यांना अक्कल होती. ऑगस्टच्या सभेत कुणीतरी म्हणालं, "वाचलं असं समजू या," आणि मी मान हलवली. त्या दिवशी मी "वाचा" एवढंच म्हटलं असतं, तर भाडेकरार व्हायच्या आत ठराव सात कानावर पडला असता. त्यानंतर अकरा वर्षं मी प्रत्येक सभेत "वाचा" म्हणत राहिलो, पण त्या ऑगस्टमध्ये म्हटलं नाही. आजही त्या दुकानांच्या मागच्या भिंतीशी मुलं दाटीवाटीनं उभी राहून प्रार्थना म्हणतात, तेव्हा मी तिकडून जात नाही.

तू फोनवर आणखी एक बोललीस, त्याचा मला राग आला. म्हणालीस, "सर, मराठी संस्था आहे, आपणच प्रश्न काढले तर बाहेर काय दिसेल?" हे तुझ्या तोंडी कुणी घातलं ते मला माहीत आहे, कारण माझ्याही तोंडी त्यांनीच घातलं होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून इथल्या मराठी शाळा, वाचनालयं, मंडळं लोकांनी पोटाला चिमटा काढून जपली. येळ्ळूरला, कडोलीला, निपाणीला जाऊन बघ, घराघरातून वर्गणी गोळा होते. त्या लोकांचा पैसा आणि त्या लोकांची जागा आपल्या हातात आहे. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. पण प्रोसिडिंग बुक दिल्लीत नाही, आपल्या कपाटात आहे. मराठीचा मान राखायचा म्हणून वही वाचायची नाही, हे मी एकदा ऐकून घेतलं आणि मैदान घालवून बसलो. तू ऐकून घेऊ नकोस.

दुसरी गोष्ट कन्नडची. आपली संस्था कर्नाटक संस्था नोंदणी कायदा, १९६० खाली आहे. वार्षिक सभा झाली की कार्यकारिणीची यादी आणि ऑडिट झालेला ताळेबंद जिल्हा निबंधकांकडे जायला हवा. कारभार बिघडला तर त्यांना चौकशी लावता येते, प्रशासकही बसवता येतो. आपल्याकडून हे कागद बहुतेक कन्नडमधून जातात. वर्षानुवर्षं एक लिखापढी करणारा गृहस्थ ते करून आणायचा आणि आम्ही बोट ठेवेल तिथं सही करायचो. एकदा यादीत दोन वर्षांपूर्वी वारलेले सदस्य हयात निघाले. आपल्याला वाचता येत नाही त्या मजकुरावर सही करणं म्हणजेही कोऱ्या पानावर सही करणंच. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी पहिलीतल्या मुलाकडून कन्नड बाराखडी शिकलो. लोकांनी तोंडावर विचारलं, "सर, तुम्हीसुद्धा?" होय, मीसुद्धा. कन्नड वाचून माझं मराठी तसूभर कमी झालं नाही. तुला तर कन्नड चांगलं वाचता येतं, मग तो कागद दुसऱ्याच्या हातात का?

आता तुला काय मागायचं ते सांगतो. खरं तर हे तुला आधीच द्यायला हवं होतं. नव्या माणसाला आम्ही शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला आणि खुर्चीवर बसवलं. अर्धा दिवस बसवून संस्था समजावून सांगितली नाही. मी हे दोनदा मांडलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "आम्हाला कुणी शिकवलं होतं?" तेवढ्यावर मी गप्प बसलो, आणि त्याची किंमत आज तू मोजतेस.

संस्थेच्या घटनेची, म्हणजे नियमावलीची, प्रत माग. कपाटातली जीर्ण प्रत नको, निबंधकांकडे नोंदलेली, दुरुस्त्यांसकट. आपली जुनी घटना मराठीत आहे, नंतरच्या दुरुस्त्या वेगळ्या कागदांवर आहेत, आणि भांडण झालं की नोंदलेल्या प्रतीचाच आधार घेतला जातो. गणसंख्या, म्हणजे सभेला कमीत कमी किती सदस्य हवेत, जागेचा व्यवहार मंडळ करू शकतं की सर्वसाधारण सभा लागते, एवढं तरी पेन्सिलीनं खूण करून ठेव. मग तीन वर्षांचं इतिवृत्त वाच. ऑडिट रिपोर्टमध्ये आकड्यांच्या आधी ऑडिटरचे शेरे वाच, जे शेरे दरवर्षी तसेच उतरतात तिथं बोट ठेव. संस्थेच्या आयकर-सुटीसाठीची १२-ए आणि देणगीदारांच्या सवलतीसाठीची ८०-जी, ही नोंदणी २०२१ पासूनच्या नव्या नियमानं सगळ्या जुन्या संस्थांना नव्यानं करून घ्यावी लागली होती आणि ती कायमची राहिलेली नाही. आपली मुदत कधी संपते ते खजिनदारांना विचार. बँक खाती किती, सह्या कुणाच्या, कोर्टात काय चालू आहे, जागेचा उतारा कुणाच्या नावे आहे, हे एका बैठकीत कळेल.

एवढं मागितलंस की तुला भांडखोर म्हणतील. मला म्हणाले. माझ्यामुळे सभा रात्री दहापर्यंत चालायच्या, दोन चांगली माणसं कंटाळून मंडळ सोडून गेली, अध्यक्षांनी शेवटची चार वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं. ते गेले तेव्हा मी खांदा द्यायला गेलो आणि मागच्या रांगेत उभा राहिलो. मी आणखी गोडीनं सांगायला हवं होतं का? असेल. तुझ्या काकू अजून तसंच म्हणतात. पण त्या अकरा वर्षांत एकही ठराव मागाहून लिहिला गेला नाही, शाळेच्या मागची पडीक जागा राहिली, आज तिथं मुलींचं स्वच्छतागृह आहे. ते राखलं कुणी? मी हट्ट केला म्हणून राहिलं. मी हे कुणासमोर बोलत नाही, तुझ्यासमोर बोलतो.

राजीनामा देऊ का, असं विचारलंस. अजिबात नाही. सही तशीच पानावर राहील आणि विचारणारं माणूस मात्र खोलीबाहेर जाईल.

उद्याच सेक्रेटरींना पत्र दे. चार ओळी पुरेत: अमुक तारखेच्या सभेत इतिवृत्त लिहिलेलं नसताना मी हजेरीची सही केली, सभेत माझ्यासमोर हे हे विषय झाले, याखेरीज कोणत्याही ठरावाला माझी संमती धरू नये, आणि लिहिलेलं इतिवृत्त मला वाचायला मिळावं. भाषा नम्र ठेव, "साहेब" लिही, त्यांनी शाळेसाठी पुष्कळ केलं आहे. पण दुसऱ्या प्रतीवर पोहोच घेतल्याशिवाय उठू नकोस. शिक्का, तारीख, सही. पुढच्या सभेला अर्धा तास आधी जा, वही उघडून बस आणि पहिला विषय आला की म्हण, "वाचा." आवाज कापला तरी चालेल, माझा कापायचा.

रविवारी सकाळी घरी ये. निबंधकांकडे जायचा यंदाचा कन्नड मसुदा मागून घे आणि बरोबर आण. आपण दोघं ओळ-ओळ वाचू. पोहोच मिळाली की रात्री कितीही वाजले तरी फोन कर.

तुझा,
सर