लॅटिनची पेटी मागवू का?

प्रश्न : ताई, आम्ही वसईचे कॅथलिक. मुलगा १० वर्षांचा, मुलगी ७ची. दोघांना शाळेतून काढून घरीच शिकवायचं चाललंय, क्लासिकल पद्धतीने, ग्रामर-लॉजिक-रेटोरिक वगैरे. अमेरिकेतून कॅथलिक अभ्यासक्रमाची अख्खी पेटीच मागवावी म्हणते, पण पैसे खूप लागतात आणि लॅटिन मला स्वतःलाच येत नाही. सासूबाई म्हणतात पोरांचं वाटोळं करशील, दहावीचं काय? मुलीच्या पहिल्या कम्युनियनची (चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याची) तयारी घरी केली तर चालेल का?

उत्तर : सासूबाईंचं आधी घेते, कारण त्यांचा प्रश्न सगळ्यात खरा आहे. दहावी एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) देता येते, १४ वर्षं पूर्ण हवीत. कायद्याचं म्हणाल तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय पण नाही घातलं तर पालकांना शिक्षा काही लिहिलेली नाही, म्हणजे सगळं अधांतरीच, हे माहीत असूनच पाऊल टाका.

आता पेटी. नका मागवू. ग्रामर म्हणजे लहानपणी पाठांतर, लॉजिक म्हणजे मग वाद घालणं, रेटोरिक म्हणजे मग नीट मांडणं, या तीन पायऱ्या मुलांच्या वयाशी जोडल्या डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकाबाईंनी, १९४७ला ऑक्सफर्डच्या एका भाषणात, आणि पुढे अमेरिकेतल्या होमस्कूलवाल्यांनी ते उचललं. पण पहिली पायरी आपल्याकडे कधीची आहे हो! सासूबाईंना विचारा पावकी-निमकी येते का, येत असेल तर मुलीच्या ग्रामरच्या बाई त्याच (विरोधही जरा कमी होईल). मुलगा १०चा, जेवताना प्रत्येक गोष्टीला "पण का?" करत असेल तर त्याचं लॉजिक सुरू झालंय, गप्प बस म्हणू नका, उलट "बरं, तू सिद्ध कर" म्हणा.

लॅटिनला घाबरू नका. मराठीत प्रथमा ते संबोधन आठ विभक्त्या आपण घोकल्यात, तिथे मुख्य सहाच. पातेर म्हणजे पिता, मातेर म्हणजे माता, अर्धं तर ओळखीचंच. रात्रीच्या रोझरीत (जपमाळेत) एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा जप, लॅटिनमधून म्हणा, आवे मारिया (नमो मारिया) महिन्याभरात तोंडात बसतं, मग व्याकरण.

आणि क्लासिक म्हणून होमरपर्यंत जायच्या आधी ख्रिस्तपुराण घ्या ना! फादर स्टीफन्स, इंग्रज माणूस, १५७९ला गोव्यात आला, आणि १६१६ला मराठी ओव्यांत बायबलची अख्खी कथा छापून दिली, दहा हजारांवर ओव्या, तीही रोमन लिपीत. भाषा जुनी आहे, अडखळायला होतं, मी स्वतः शब्दार्थ बघत बघतच वाचते. पण माझ्या धाकट्याने रोज दोन ओव्या पाठ केल्या, चालीत म्हणतो आता, कळतं त्याहून जास्त लक्षात राहतं त्याच्या. आपल्या पोरांना हे न देता परदेशातून पेटी मागवायची हे मला पटत नाही, स्पष्टच सांगते.

कम्युनियनचं सोपं आहे. मुलांना घडवण्याची पहिली जबाबदारी आईबापांची, हे चर्चच म्हणतं, पण मूल तयार आहे की नाही हे बघायचं काम फादरांचंही असतं, तेव्हा आधी त्यांना जाऊन भेटा. आणि रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग सोडवू नका, शाळा सुटल्यावर मैत्रिणी तिथेच उरतील.

दाखला काढायची घाई मात्र नको. मे महिन्याच्या सुट्टीत रोज सकाळी तीन तास करून बघा, आणि दुसऱ्याच आठवड्यात तुम्हालाच कंटाळा आला तर मला नक्की कळवा.