लॅक्टोबॅसिलस एक्स्ट्रॅक्ट आणि यूव्हीबी: नवीन असशील तर हे आधी बघ

लॅक्टोबॅसिलस या बॅक्टेरियाचं एक्स्ट्रॅक्ट (अर्क) सेल्सना यूव्हीबीपासून (अल्ट्राव्हायोलेट किरणांचा एक प्रकार) वाचवतं का, हे बघायच्या प्रयोगासाठी या टिप्स. सगळ्यात आधी, यूव्ही देताना सेल्सच्या प्लेटचं झाकण काढ, ते साधं प्लॅस्टिक यूव्हीबी बराचसा अडवतं आणि मग एक्स्ट्रॅक्ट न घातलेल्या सेल्सपण मस्त जगतात. मिडियमही (सेल्स वाढवायचा द्रव) काढ, त्यातला फिनॉल रेड (पीएच दाखवणारा रंग) आणि सीरम यूव्ही शोषतात, पीबीएसचा (सेल्सना चालणारं खारट बफर) पातळ थर ठेवून लगेच एक्सपोज कर, सेल्स सुकल्या की संपलंच सगळं.

आता खरी मेख. एक्स्ट्रॅक्ट वर असतानाच यूव्ही दिलास तर त्यातली प्रोटीनं नि डीएनए छत्रीसारखे किरण अडवणार (280 नॅनोमीटरच्या आसपास शोषतातच ती) आणि तुला वाटणार सेल्स आतून सावरल्या! म्हणून आधी ट्रीटमेंट, मग नीट धुणं, मग यूव्ही.

सुपरनॅटंट (बॅक्टेरिया काढून उरलेला वरचा द्रव) वापरणार असशील तर नुसतं पीबीएस कंट्रोल (तुलनेचा नमुना) म्हणून चालणार नाही, बॅक्टेरिया वाढले की एमआरएस (ते वाढवायचं मिडियम) चांगलंच आंबट होतं, त्यामुळे कोऱ्या एमआरएसमध्ये लॅक्टिक ॲसिड घालून पीएच जुळवलेला एक कंट्रोल हवाच, हे बरेच जण गाळतात.

एकट्या एमटीटीवर (जिवंत सेल्स जांभळ्या रंगावरून मोजायची टेस्ट) विसंबू नकोस. ॲन्टिऑक्सिडंट एक्स्ट्रॅक्ट सेल्स नसतानाही एमटीटी जांभळं करू शकतं, बिनसेल्सची एक वेल (प्लेटमधला खड्डा) लावली की लगेच कळतं. डीएनए वाचला म्हणायचं तर सीपीडी (यूव्हीने डीएनएत होणारे बिघाड) मोजावे लागतील, नुसते आरओएस (ऑक्सिजनचे घातक रेणू) कमी झाल्याने ते सिद्ध होत नाही.

लॅम्पचा डोस मिनिटांवर नको धरू, मीटरने मिलिज्यूलमध्ये मोज, जुन्या ट्यूबचं आउटपुट उतरतं. आणि फेसशील्ड घाल बाबा.