उंचसखल लॉनवर मैदानासारखे सरळ पट्टे कसे आणायचे?

नमस्कार. दीड एकराचं लॉन आहे, जमीन खालवर आहे, मशीन वेळच्या वेळी फिरतं, तरी क्रिकेटच्या मैदानावर दिसतात तसे गर्द-फिकट पट्टे उमटत नाहीत, तर आधी सगळी जमीन सपाट करून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. मी तेरा वर्षं परभणीजवळच्या एका मंगल कार्यालयाचं लॉन सांभाळतो. सपाटीकरणाला पैसे घालू नका. त्यावाचून पट्टे येतात.

पट्टा कापण्यानं येत नाही, गवताचं पातं कलवण्यानं येतो. मशीनच्या मागचा रूळ ज्या दिशेनं जातो, त्या दिशेला गवत कलतं. पातं तुमच्यापासून पलीकडं कललेलं असलं की त्याच्या चपट्या अंगावरून उजेड परततो आणि पट्टा पोपटी दिसतो. तुमच्याकडं कललेलं असलं की टोकं आणि त्यांच्याखालची सावली दिसते, म्हणून गर्द. आमच्याकडं गेटातून जो पट्टा गर्द दिसतो, तोच स्टेजवर उभं राहून पाहिला की फिकट होतो. उंची दोन्हीकडं सारखीच असते. सकाळी ऊन तिरपं असताना उकिडवं बसून एकदा पाहा, सगळं ध्यानात येईल.

आता तुमचं मशीन कोणतं ते पाहा. खांद्याला अडकवायच्या ग्रास कटरनं पट्टा कधीच येणार नाही, कारण त्यात गवत दाबणारं काही नसतं. मागं रूळ असलेलं सिलिंडरचं मशीन, म्हणजे फिरत्या नळकांड्यावर पाती असलेलं, सगळ्यात चांगलं, पण खालवर जमिनीवर ते उंचवट्याला घासतं. म्हणून तुमच्यासाठी रोटरी, म्हणजे खाली एकच पातं पंख्यासारखं फिरणारं मशीन बरं, फक्त त्याला मागं रूळ हवा. नसला तर घरी बनवा. मी चार इंची पीव्हीसी पाइपाचा दोन फुटांचा तुकडा घेतला, कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही टोकं बंद केली आणि दोरीनं मशीनच्या मागं बांधला. सात-आठ किलो वजन होतं, तेवढं पुरतं. दोरीवर असल्यामुळं तो खळग्यातही उतरतो आणि उंचवट्यावरही चढतो. खालवर जमिनीत हाच त्याचा फायदा.

रेष सरळ ठेवायचं मला नानांनी शिकवलं, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणि तेही वावरात. पेरणीला तिफण धरली की ते सांगायचे, बैलाच्या पायाकडं पाहशील तर तास, म्हणजे पेरणीची रेघ, वाकडं जाईल, पलीकडच्या बांधावरच्या बाभळीकडं पाहा. मशीनचंही तेच आहे. चाक खड्ड्यात गेलं की आपण खाली पाहतो, हात वळतो आणि पट्ट्याला पोक येतं. समोर एक खूण धरा, कंपाउंडचा खांब धरा, झाड धरा, आणि चाक हललं तरी नजर हलू देऊ नका. पहिली फेरी मात्र सुतळी ताणून, खुंट्या ठोकूनच मारा. पहिलं तास सरळ पडलं की पुढची त्याच्या आधारानं जातात. प्रत्येक फेरीत आधीच्या पट्ट्यावर दोन इंच चढा, नाहीतर मधे शेंडीसारखं गवत उभं राहतं. दोन्ही टोकांना वळायला म्हणून आधी दोन-दोन फेऱ्या आडव्या मारून ठेवा.

मशीन काढण्याआधी मी एक चक्कर पायीच मारतो. हारातली तार, मांडवाचे खिळे, बाटल्यांची बुचं. मशीनचं पातं त्यातलं काहीही गोळीसारखं फेकतं.

उंचवट्यांवर टक्कल पडत असेल तर कापायची उंची वाढवा. आपल्याकडची हरळी तशी बुटकी कापता येते, पण खालवर जमिनीवर दोन इंचांच्या खाली जाऊ नका. तीन इंच झाली की दोनवर आणा, एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कधीच कापायचं नाही. थोडं लांब पातं कलतंही चांगलं. हरळीचं पातं बारीक आणि ताठ असतं, त्यामुळं इंग्लंडच्या मैदानांइतका गडद पट्टा आपल्याकडं येणार नाही, हे आधीच सांगतो. पावसाळ्यात चार-पाच दिवसांनी कापा आणि दर वेळी दिशा बदला. एकाच रेघेवर फिरत राहिलं तर गवत कायमचं एका अंगाला लोळतं आणि चाकाच्या चाकोऱ्या पडतात.

आता खड्ड्यांचं. पहिल्याच वर्षी मी जुलैत, पाऊस उघडला त्याच्या दुसऱ्या दिवशी, जड रूळ ओढून जमीन दाबली. दोन दिवस छान दिसली. मग जागोजागी पाणी साचलं, गवत पिवळं पडलं आणि दिवाळीपर्यंत सुधारलं नाही. ओली काळी माती दाबली की विटेसारखी घट्ट होते, मुळांना हवा राहत नाही. वावरात आपण वापसा आल्याशिवाय, म्हणजे जादा ओल जाऊन माती मोकळी झाल्याशिवाय, औत घालत नाही, लॉनवरही तोच नियम धरा. बुटाला माती चिकटत असेल तर त्या दिवशी मशीनसुद्धा नको. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून एकदा सपाट केली तरी ती तशी राहत नाही. मी दर जूनमध्ये चाळलेली माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळून फक्त खोलगट जागी पसरतो. एका वेळी अर्धा इंच, पात्याची टोकं वर दिसली पाहिजेत. टेम्पोच्या चाकाचा खोल खड्डा असेल तर गवताचा थर फावड्यानं उचला, खाली माती भरा, थर परत बसवून पाणी द्या.

आणि उन्हाळ्यात पट्ट्यांचा हट्ट धरू नका, ही माझी मनापासून विनंती. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या वर्षी आम्ही लॉनचं पाणी पूर्ण बंद केलं होतं. सगळं तपकिरी झालं, पाहुणे विचारायचे. पण हरळीची मुळी जमिनीत जिवंत राहते, पहिले दोन पाऊस झाले आणि ती फुटून वर आली. टँकर लॉनवर रिकामा करायची वेळ येत असेल तर गवत वाळू द्या.

राहिलं क्षेत्र. दीड एकर म्हणजे सहा हजार चौरस मीटर. वीस इंची मशीन दोन इंच चढवत नेलं तर एका कापणीला तेरा किलोमीटरहून जास्त चालणं होतं, तेही नजर खुणेवर ठेवून. माणूस थकला की शेवटचे पट्टे वाकडे येतातच. मी गेटापासून स्टेजपर्यंतचा अर्धा एकरच सुतळी लावून कापतो, बाकीचं साधं. तुमच्याकडं लोक कुठं उभं राहून लॉन पाहतात ते आधी ठरवा, आणि पट्टे त्या जागेपासून सरळ समोर जातील असे मारा, आडवे नको. पातं बघणाऱ्याकडं किंवा त्याच्यापासून पलीकडं कललेलं असलं तरच रंगातला फरक नीट उठून दिसतो.