वाचकांचे प्रश्न : दोघांनी मिळून ट्रक चालवायचा तर

प्रश्न : ताई, माझे पती ब्रॅम्प्टनहून कॅलिफोर्नियापर्यंत मालाचा ट्रक नेतात आणि महिन्यातील मोजके दिवसच घरी असतात. मुलगा आता विद्यापीठाच्या वसतिगृहात राहतो. मीही परवाना काढून दुसरी चालक म्हणून त्यांच्याबरोबर जावे, असे त्यांना वाटते. उत्पन्न वाढेल आणि एकत्र राहता येईल, अशी त्यांची दोन कारणे आहेत. कोल्हापूरला अजून कोणालाही हे सांगितलेले नाही. मी काय करावे?
– एक वाचक, ब्रॅम्प्टन (ऑन्टारियो)

उत्तर : आपल्या पतींच्या दोन कारणांपैकी पहिले बरेचसे खरे आहे, दुसरे मात्र तपासून घ्यावे लागेल. दोन चालकांची गाडी थांबत नाही म्हणूनच तिला घाईचा आणि मोलाचा माल मिळतो. परंतु गाडी थांबत नाही याचा अर्थ असा की एक जण स्टिअरिंगवर असताना दुसरा मागच्या बंकवर, म्हणजे केबिनमधल्या झोपण्याच्या फळीवर, झोपलेला असतो. आम्ही दोघांनी याच पद्धतीने गाडी चालवलेली असल्यामुळे सांगते, की एका केबिनमध्ये राहणारी दोन माणसे एकाच वेळी जागी असण्याचे तास फार थोडे असतात. एकत्र राहण्याच्या ओढीने या कामात येणाऱ्यांनी आधी हे थोडे तास मोजावेत.

ते कायद्यानेच ठरवलेले आहेत. कॅनडात चालकाला दिवसाला १३ तास गाडी चालवता येते, मात्र सीमा ओलांडली की अमेरिकेचे नियम लागू होतात : सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास चालवणे, ८ तास चालवून झाल्यावर निदान अर्धा तास खंड आणि ८ दिवसांत कामाचे एकूण ७० तास. दहा तासांची विश्रांती सात आणि तीन अशी विभागता येते, आणि बंकवरील सात तासांच्या लगेच आधी किंवा नंतर, धावत्या गाडीत शेजारच्या आसनावर बसून काढलेले तीन तासांपर्यंतचे अवधी विश्रांतीतच धरले जातात. नियम करणाऱ्यांच्या मनात जोडप्यांचा संसार नक्कीच नसेल, तरी गप्पा, हिशेब, मुलाला फोन आणि भांडण या सगळ्यांसाठी आपल्या वाट्याला येणारा वेळ मुख्यतः हाच आहे. त्यातले भांडण शक्यतो गाडी उभी असताना करावे, कारण स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला उठून बाहेर जाता येत नाही आणि शेजारी बसलेल्यालाही.

आता झोपेविषयी, कारण सारे काही त्यावरच अवलंबून आहे. लॉस एंजेलिसचा सुमारे ४,००० किलोमीटरचा पल्ला एकटा चालक चार-साडेचार दिवसांत गाठतो, तर जोडी अडीच-तीन दिवसांत. हा वाचलेला वेळ दुसऱ्याच्या झोपेतून येतो. धावत्या गाडीत झोप लागते, पण ती घरच्या झोपेसारखी गाढ नसते. पुलाच्या सांध्यावरचा धक्का, उतारावरच्या इंजिन ब्रेकचा आवाज, पुढच्या माणसाने वेग कमी केला की ‘काय झाले’ म्हणून उघडणारे डोळे, हे पहिले काही आठवडे चालणारच. चालकावर विश्वास नसेल तर झोप लागत नाही आणि झोप नसेल तर पुढची पाळी धोक्याची होते. म्हणून नवशिक्या माणसाने पहिल्याच फेरीत रात्रीची पाळी घेऊ नये आणि जोडीदारानेही तशी देऊ नये. धावत्या गाडीत खालचा बंक वापरावा आणि बंकचा सुरक्षा पट्टा न चुकता लावावा. अमेरिकेच्या नियमांनुसार दोन चालकांच्या गाडीत तो बंधनकारकच आहे. उठल्याबरोबर स्टिअरिंग हातात घेऊ नये. झोपेची गुंगी उतरायला अर्धा तास तरी द्यावा, चहा त्यासाठीच आहे.

पाळ्यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. एकाने मध्यरात्र ते दुपार, दुसऱ्याने दुपार ते मध्यरात्र, किंवा पहाटे चार ते दुपारी चार, यांपैकी काहीही चालेल; पण ती वेळ निदान त्या फेरीपुरती बदलू नये. रात्री दोन ते पहाटे सहाच्या दरम्यान शरीर झोप मागतेच, तेव्हा दोघांपैकी ज्याला मुळात रात्री जागायची सवय आहे त्यानेच ते तास घ्यावेत. यात बायको म्हणून सवलत देणे आणि नवरा म्हणून बढाई मारणे, दोन्ही सारखेच घातक आहे.

यापेक्षाही आधी एक गोष्ट ठरवा : गाडी थांबवायचा अधिकार कोणाला? माझे ठाम मत असे की, तो स्टिअरिंगवर बसलेल्याचा असावा आणि त्यावर झोपलेल्याने उठून वाद घालू नये. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात इंटरस्टेट ८० या महामार्गावर लॅरमी आणि रॉलिन्स यांच्या दरम्यान हिवाळ्यात असे वारे सुटतात की रिकामे ट्रेलर आडवे होतात आणि रस्ता बंद केला जातो. कॅलिफोर्नियात शिरताना डॉनर खिंडीत चाकांना साखळ्या बांधण्याचा हुकूम निघतो. अशा वेळी डिस्पॅचरचा, म्हणजे कंपनीत बसून गाड्यांच्या फेऱ्या लावणाऱ्याचा, फोन येतो, मालाची वेळ टळत असते, आणि अनुभवी नवरा मागून म्हणतो, ‘अगं, मी असतो तर गेलो असतो.’ हे वाक्य आपल्या केबिनमध्ये कधीही उच्चारले जाणार नाही, एवढे वचन त्यांच्याकडून परवान्याचे शुल्क भरण्यापूर्वी घ्या.

पैशांचे थोडक्यात सांगते. मोबदला मैलावर मिळतो, आणि दोघांच्या गाडीला जाहिरातीत दाखवलेला दर बहुधा गाडीचा असतो, माणसाचा नव्हे. तो दोघांत विभागला जातो. दर गाडीमागे की चालकामागे, हे लेखी विचारावे. आपला वाटा आपल्या नावाच्या खात्यात वेगळा जमा व्हावा, नाहीतर वर्षाअखेरीस आपण ‘त्यांच्यासोबत गेलेल्या’ ठरता. कंपनीने ‘स्वतःच्या नावाने कंपनी काढा, मग पैसे देतो’ असे सांगितले, तर सावध राहावे. कॅनडात ‘ड्रायव्हर इंक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात पगारी माणसाला मिळणारे बेकारी विमा आणि अपघात भरपाई यांसारखे संरक्षण हातचे जाते, आणि सरकारी खात्याने नंतर नोकरदार ठरवले तर कराचा घोळ वेगळाच.

ऑन्टारियोत ‘ए’ वर्गाच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या, परवान्यासाठी १ जुलै २०१७ पासून किमान १०३.५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. सस्कॅचवानमध्ये ६ एप्रिल २०१८ रोजी हम्बोल्टच्या हॉकी संघाची बस आणि ट्रक यांची धडक होऊन १६ जण गेले, त्यानंतर त्या प्रांतासह आल्बर्टा आणि मॅनिटोबा यांनी २०१९ मध्ये असे प्रशिक्षण सक्तीचे केले. त्या दुर्घटनेतील ट्रकचालक कामाला नवा होता. म्हणून १०३.५ तास पूर्ण झाले की आपण तयार झालो, असे मानू नका. पहिला हिवाळा दिवसाच्या पाळीतच काढा. आपल्याकडे भारतीय पारपत्र असेल तर कॅनडाचे कायम वास्तव्य असूनही अमेरिकेचा व्हिसा लागेल. शिवाय जून २०२५ पासून तेथे रस्त्यावरील तपासणीत इंग्रजी बोलणे किंवा पाट्या वाचणे जमले नाही तर चालकाला तेथेच थांबवले जाते.

कोल्हापूरला सांगायचे म्हणाल, तर परवाना हातात आल्यावर सांगा. आधी सांगितले तर त्यांच्या काळजीची उत्तरे देण्यात शिकण्याचा वेळ जाईल.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत दोघे मिळून ट्रक चालवतात. मी कधीही फोन केला तरी ती झोपेतून उठल्यासारखी बोलते. ही मुले अंघोळ कोठे करतात, जेवतात काय आणि रात्री कोठे थांबतात, या विचाराने मला झोप लागत नाही.
– एक आई, सांगली

उत्तर : ती झोपेतून उठल्यासारखी बोलते, कारण आपण तिला झोपेतून उठवलेले असते. तिच्या पाळीची वेळ विचारून कागदावर लिहून ठेवा, आणि फोन तिलाच करू द्या.

महामार्गावरील मोठ्या ट्रक स्टॉपवर कुलूप लावता येणाऱ्या स्वतंत्र न्हाणीघरांची सोय असते आणि ठरावीक डिझेल भरले की अंघोळ फुकट मिळते. आयोवातील वॉलकॉट येथे तर १९६४ पासून चालू असलेला, जगातील सर्वांत मोठा म्हणवणारा ट्रक स्टॉप आहे, तेथे उपाहारगृहापासून दंतवैद्यापर्यंत सारे काही मिळते. केबिनमध्ये छोटा फ्रिज आणि विजेचे भांडे असते, त्यात खिचडी, पिठले, उपमा उत्तम होतो. इंटरस्टेट ४० आणि ८० वर पंजाबी चालकांमुळे ढाबेही निघाले आहेत. आपल्याला काही पाठवायचेच असेल तर मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजणी असे कोरडे पदार्थ पाठवावेत. ताजा कढीपत्ता मात्र पाठवू नये, कारण लिंबूवर्गीय झाडांच्या किडीच्या भीतीने अमेरिकेत तो आणू देत नाहीत.

रात्रीच्या मुक्कामाची आपली काळजी अस्थानी नाही. मार्च २००९ मध्ये साउथ कॅरोलायनात जेसन रिव्हेनबर्ग या चालकाला सुरक्षित जागा न मिळाल्याने तो बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर थांबला आणि तेथे त्याची हत्या झाली. त्याच्या पत्नीने केलेल्या पाठपुराव्यामुळे २०१२ च्या संघीय कायद्यात ट्रकच्या वाहनतळांसाठी तरतूद झाली, तरीही जागेची टंचाई संपलेली नाही. मात्र एकट्या चालकाला रोज संध्याकाळी जी जागा शोधावी लागते, ती दोघांच्या गाडीला रोज शोधावी लागत नाही. आठ दिवसांतले कामाचे ७० तास संपले की सलग ३४ तासांची विश्रांती घेऊन नवा हिशेब सुरू करता येतो. एवढ्या वेळेपुरती त्यांना चांगली जागा हवी असते, आणि तीही आधी ठरवता येते. लेकीशी निवांत बोलायचे असेल तर तेव्हाच बोला.

प्रश्न : माझी स्वतःची बारा टायरची गाडी आहे. नाशिकहून कांदा घेऊन दिल्ली, कोलकात्यापर्यंत जातो. क्लीनर टिकत नाहीत. बायको कार चांगली चालवते. परदेशातल्या जोडप्यांसारखे आम्हाला जमेल का?
– एक गाडीमालक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : जमण्यासारखे आहे, पण आज लगेच नाही. कारच्या परवान्यावर आपली गाडी त्यांनी एक किलोमीटरही चालवू नये. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हलक्या वाहनाच्या परवान्यावर व्यावसायिक वाहन चालवण्यास जी मान्यता दिली, ती ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनांपुरती आहे. आपल्या गाडीसाठी स्वतंत्र परवाना लागेल आणि तो नसताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करील.

आपल्याकडे २०१८ पर्यंत राष्ट्रीय परवान्याच्या (नॅशनल परमिटच्या) गाडीवर दोन चालक असण्याची अट होती. प्रत्यक्षात दुसरा म्हणून क्लीनरच दाखवला जाई, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. ती अट गेली, आणि स्वतःची गाडी चालवणाऱ्याच्या तासांवर तर कधीच कोणाची नजर नव्हती. अमेरिकेत गाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्र तास मोजते. येथे ते आपण दोघांनी मोजायचे आहेत. खरा दुसरा चालक मिळणे ही म्हणूनच आपल्यासाठी मोठी गोष्ट आहे, मात्र त्यांना ‘क्लीनरच्या जागी’ नेत असाल तर नेऊ नका. ताडपत्री बांधणे, हवा तपासणे आणि वर स्वयंपाक करणे एवढेच वाट्याला आले, तर त्याही टिकणार नाहीत.

बाईमाणसाला हे काम झेपते का, हा प्रश्न आता उरलेला नाही. नंदुरबारला वाढलेल्या योगिता रघुवंशी पतीच्या निधनानंतर भोपाळहून एकट्या ट्रक नेऊ लागल्या, आणि केरळमधील एट्टुमानूरचे जलजा आणि रतीश हे दाम्पत्य काश्मीरपर्यंत गाडी घेऊन जाते. अडचण आहे ती सोयींची. ढाब्यावर पुरुषांच्या खाटा असतात, बाईसाठी बहुधा दाराला कडी असलेले स्वच्छतागृहही नसते. म्हणून डिझेल भरायचे पंपच असे निवडा की जेथे ते आहे, आणि मुक्काम त्या पंपांप्रमाणे ठरवा. केबिनचे म्हणाल, तर १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकमध्ये चालकाचा कक्ष वातानुकूलित असणे सक्तीचे झाले आहे. जुन्या गाडीत मे महिन्यात दिवसा झोपणे कठीण, तेव्हा उन्हाळ्यात दोघांनी पाळ्या लावण्याऐवजी दुपारी गाडी उभी करणे बरे.

परवाना मिळाल्यावर सुरत किंवा इंदूरपर्यंतच्या फेऱ्या दिवसा करा आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग त्यांच्याकडे द्या. घाट काही महिन्यांनी. आणखी एक, जे बहुतेक गाडीमालकांच्या लक्षात येत नाही : विम्यात मालक-चालकासाठी असलेले १५ लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण फक्त आपल्याला लागू होते, शेजारी बसलेल्या किंवा गाडी चालवणाऱ्या पत्नीला नाही. त्यांच्या नावाचे वेगळे संरक्षण पहिल्या फेरीच्या आधी घ्या आणि त्याची प्रत गाडीच्या कागदांत ठेवा.