घामावरून लिथियमची पातळी कळेल का?

प्रश्न : धाकटा भाऊ मनाच्या आजारावर लिथियमची गोळी घेतो. रक्त तपासायला दर वेळी यवतमाळ गाठावं लागतं. घाम तपासणारी पट्टी चालेल का? (वाचक, दारव्हा तालुका)

उत्तर : अजून नाही. लिथियम घामात उतरतं, पण घाम कमी-जास्त झाला की आकडा हलतो. उन्हात वखर हाकणाऱ्याच्या कातडीवर सुकलेलं मीठही त्यात मिसळतं. रक्तच द्या : रात्रीची गोळी ९ ला, तर रक्त सकाळी ९ ला, सकाळच्या गोळीआधी. नळीचं झाकण मात्र बघाच. हिरव्या झाकणाच्या नळीत बहुधा लिथियम हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं, लिथियम असलेलं द्रव्य) असतं, आकडा खोटाच वाढतो. लाल झाकणाची मागा. उन्हाळ्यात पाणी, मीठ तोडू नका. कंबरदुखीला मनानं डायक्लोफेनॅक नको, पातळी चढते. हात जोरात थरथरले, तोल जाऊ लागला, उलट्या-हगवण लागली, तर पुढची गोळी न देता लगेच दवाखाना गाठा.