पाच शेळ्या मेल्या, खाल्ली एकही नाही

प्रश्न : दौंड तालुक्यात आमची वस्ती आहे. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला मोकळा माळ. अठरा उस्मानाबादी शेळ्या होत्या. गेल्या महिन्यात पहाटे बघतो तर चार शेळ्या आणि एक पाट (तरणी शेळी) मरून पडलेली. मांड्या, कान, शेपट्या फाटलेल्या, पण खाल्लेलं जवळजवळ काहीच नाही. कुंपण पाच फुटी जाळीचं आहे, वर मोकळं. कुणी बिबट्या म्हणतं, कुणी लांडगा. मेलेल्या शेळ्या आम्ही त्याच सकाळी पुरल्या. भावकीतले एक जण म्हणतात, पुढच्या वेळी एकीला थायमेट (पिकावरचं जहाल कीटकनाशक) लावून माळावर टाका. काय करावं?

उत्तर : दादा, आधी थायमेटचं बोलतो. पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरीला लागलो त्याच वर्षी एका धनगराच्या वाड्यावर लांडग्यासाठी मी अशीच एक मेंढी 'तयार' करायला लावली होती. सल्ला माझाच. लांडगा फिरकलाच नाही. सकाळी धनगराची दोन राखणीची कुत्री आणि सात-आठ घारी मरून पडल्या होत्या. त्यानं मला शिवीसुद्धा दिली नाही, वाडा मोडला आणि निघून गेला. पुढची तीन वर्षं त्या गावाला खतासाठी रानात बसवायला मेंढ्या मिळाल्या नाहीत. शिवाय लांडगा आणि बिबट्या दोघंही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. सापडलात तर भावकीतले ते गृहस्थ तुमच्याबरोबर आत येणार नाहीत.

आता तुमच्या शेळ्या. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तरी ही कुत्री वाटतात. बिबट्या नरडं धरतो. गळ्याखाली दातांची खोल भोकं दिसतात, बाकी अंगाला फारसं काही नसतं, आणि जमलं तर एक उचलून उसात नेतो. कोंडलेल्या जागेत सापडला तर तोही चार-पाच मारतो, पण खुणा नरड्यावरच. लांडगा बहुतेक वेळा दिवस मावळताना, कळप परतताना करडू उचलून पळतो. पाच मारायच्या, कान-शेपट्या फाडायच्या आणि न खाता निघून जायचं, हे भाकरीवर वाढलेल्या कुत्र्याचं काम. गावात हे कुणाला ऐकायचं नसतं, कारण ती कुत्री कुणाच्या तरी दारातली असतात.

खात्री करायची तर आज जाळीच्या खालच्या कडेनं एक फेरी मारा. उकरलेलं असेल, तारेत केस अडकलेले असतील. ठशांवर एकट्यावर विसंबू नका. नखं उमटलेली नसतील तर मांजरकुळातला प्राणी म्हणता येतं, पण नखं उमटली तर कुत्रा की लांडगा हे माझ्यासारख्याला एकतीस वर्षांनंतरही छातीठोक सांगता येत नाही.

पुरण्याची घाई मात्र नडली. मारणारा बिबट्या किंवा लांडगा असता तर वनविभागाकडून भरपाई मिळते, पण त्यासाठी ४८ तासांत कळवावं लागतं आणि पंचनामा होईपर्यंत जनावर जागचं हलवायचं नसतं. वनरक्षकाचा नंबर नसेल तर १९२६ फिरवा. भटक्या कुत्र्यांनी मारलेल्या शेळीला या योजनेत पैसे नाहीत. तरी कळवाच, काय होतं ते ठरवायला दुसरा डोळा येतो.

गोठ्याचं म्हणाल तर तुमचं कुंपण दोघांनाही सोयीचं आहे : कुत्रं खालून येतं, बिबट्या वरून. उरलेल्या शेळ्यांना सगळं आवार बंदिस्त करायची गरजच नाही. रात्री निजायची जागा तेवढी पक्की करा. वरून पत्रा किंवा जाळी हवीच, पत्रा आणि भिंतीमधली फटसुद्धा बुजवा. चेनलिंक जाळी दीड फूट जमिनीत गाडा, नाहीतर कडेनं शहाबादी फरशी टाका. दाराला कडी, नुसता दोर नको. कुंपणात घरची लाइट सोडायचा विचार कुणी डोक्यात घातला असेल तर तो काढा. पहिला मरतो तो पाणी धरायला उठलेला माणूस.

राखणीला कुत्रं ठेवू का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. माळाच्या बाजूनं लांडग्याविरुद्ध कुत्र्याचा उपयोग होतो. उसाच्या बाजूला उलटं. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता. तिथं शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला वाढून ठेवलेलं ताट. ठेवलंत तर रात्री तेही शेळ्यांबरोबर आत.

प्रश्न : खुराड्यातल्या कोंबड्या एकेक करून मरतात, मान चावलेली असते. मुंगूस असेल का? — एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : ताई, कोंबडी दिवसाढवळ्या जाते की रात्री? मुंगूस दिवसाचा शिकारी आहे. सकाळी खुराडं उघडताना मेलेली सापडत असेल तर रानमांजर किंवा उदमांजर धरून चाला. दोघांनाही बारीक फट पुरते, म्हणून कोंबडीजाळीऐवजी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा आणि दिवेलागणीच्या आधी दार लावा, नंतर नाही.