पहिली बाईक कोणती घेऊ? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कॉलेजच्या ॲडमिशन झाल्या की दरवर्षी आमच्याकडे याच प्रश्नाचा ढीग पडतो, म्हणून या वेळी चारही पत्रं गाडीचीच घेतली आहेत. पहिलं उत्तर लांबलंय, पण तसंच पत्र अजून बऱ्याच पोरांचं आहे त्यामुळे लांबू दिलं.

प्रश्न: मी १९ वर्षांचा, राहतो नागपुरात नंदनवनला आणि कॉलेज वानाडोंगरीला, रोजचं येणं-जाणं मिळून पस्तीसेक किलोमीटर. आतापर्यंत आईची ॲक्टिव्हाच चालवली, गिअरची गाडी मित्राची थोडीफार. मला केटीएम ड्यूक २०० घ्यायची आहे, बाबा म्हणतात स्प्लेंडर घे नाहीतर बसने जा. माझी उंची ५ फूट ४ इंच. ड्यूक नवीन माणसाला खरंच झेपत नाही का?

उत्तर: भाऊ, ड्यूक गाडी चांगलीच आहे, पण तुझी पहिली गाडी ती नको असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्याचं कारण स्पीड नाही. स्पीडचं तुला घरी सगळ्यांनी सांगून झालं असेल. नवीन माणसाच्या हातून गाडी पडते ती जास्त करून उभ्या-उभ्या नाहीतर अगदी चालण्याच्या वेगात, सिग्नलला थांबताना, यू-टर्न मारताना, पार्किंगमधून मागे ओढताना. तिथे सीसी कामाला येत नाही, तुझे पाय जमिनीला किती टेकतात आणि गाडीचं वजन किती यावरच सगळं असतं. ड्यूक २०० ची सीट साधारण ८२० मिमी उंच आणि वजन १६० किलोच्या आसपास. टीव्हीएस रेडरची सीट ७८० मिमी, वजन १२३ किलो. होंडा एसपी १२५ साधारण ११६ किलोची, आणि बाबा म्हणतात ती स्प्लेंडर ११२ ची. चार सेंटिमीटरने काय होते असं वाटेल, पण तुझ्या उंचीला तेवढ्यातच पूर्ण तळपाय टेकायचा की नुसती बोटं टेकायची हे ठरतं.

आता आपल्याच रस्त्यावर हे लावून बघ. सिमेंट रोड झाले तिथे बऱ्याच ठिकाणी रोडची कड आणि बाजूचे पेव्हिंग ब्लॉक एका लेव्हलला नसतात, कड वर आणि ब्लॉक खाली. संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये तू डावीकडे दाबला जातोस, पुढे सिग्नल लाल होतो, तू सवयीने डावा पाय खाली टाकतोस आणि जिथे जमीन लागायला पाहिजे तिथे ती लागतच नाही, अजून दोन-तीन इंच खाली असते. तेवढ्यात गाडी कलते. हलकी गाडी मांडीचा जोर लावून सावरता येते, १६० किलोची एका कोनाच्या पुढे गेली की सावरतच नाही, माणूस कितीही जिमला जात असला तरी. बरं तसं झालंच तर पाय गाडीखाली घालून तिला अडवायला जाऊ नकोस, सोडून दे आणि बाजूला हो, लिव्हर-इंडिकेटर नवीन मिळतात.

दुसरी गोष्ट क्लचची. ॲक्टिव्हावरून येणाऱ्याला हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवट सोडून गाडी हलवणं, हातात बसायला वेळ लागतो आणि तो वेळ गाडीने द्यायला पाहिजे. १२५ ची गाडी खालच्या आरपीएमलाच, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाच ओढते, क्लच लवकर सुटला तर फार तर बंद पडेल. ड्यूकची खरी ताकद वरच्या आरपीएमला आहे, २५ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप) म्हणजे १२५ च्या गाडीच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे गाडी बंद पडू नये म्हणून नवीन माणूस रेस जास्त देतो, मग क्लच सुटला की गाडी झटका मारून पुढे जाते, अंग मागे जातं, अंगाबरोबर उजवं मनगटही मागे वळतं आणि ॲक्सिलरेटर अजून पिळला जातो. घाबरून सोडायच्या ऐवजी हात घट्ट धरतो, इथेच लोकं समोरच्या कारला जाऊन भिडतात. शिवाय मे महिन्यात दुपारी चौकात उभं राहिल्यावर त्या इंजिनचा फॅन सुरू झाला की गरम हवा सरळ पायावर येते, आपल्याकडे ४५ डिग्री असताना ते रोज सहन करायचं आहे का ते पण बघ.

बाबांचं सुद्धा शंभर टक्के पटत नाही मला. स्प्लेंडर शिकायला उत्तम आणि जगात कुठेही रिपेअर होईल अशी गाडी आहे, पण हिंगणा रोडला एमआयडीसीचे ट्रक, कॉलेजच्या बसेस, तिथे ओव्हरटेक सुरू केल्यावर १०० सीसीला दम लागतो आणि ट्रकच्या बाजूला जास्त वेळ राहावं लागतं, ते चांगलं नाही. म्हणून तुझ्यासाठी १२५. रेडर, एसपी १२५, शाईन १२५, यातली जी बसून आवडेल ती. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस कंपल्सरी आहे, १२५ आणि खाली सीबीएस चालतं, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. पण पावसात टायर लॉक होऊ नये हे काम एबीएसचं, सीबीएसचं नाही. एबीएस हवंच असेल तर १२५ मध्ये हिरो एक्स्ट्रीम १२५आर एबीएससकट मिळते, किंवा अपाचे आरटीआर १६० घे, ती १४० किलोच्या आतच आहे आणि सीट ७९० मिमी. याच्या पुढे आत्ता जाऊ नकोस.

पेट्रोलचा हिशोब बाबांसमोर मांड, महिन्याला तुझे नऊशेच्या जवळपास किलोमीटर होतील, ५० चं ॲव्हरेज धरलं तर १८ लिटर, ३५ चं धरलं तर २५-२६. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तो धरूनच किंमत विचार, आणि एक्स-शोरूम ऐकून घरी येऊ नकोस, ऑन-रोडचं कोटेशन लिहून घे. त्यात आरटीओ टॅक्स आणि पाच वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स असणारच, ते टळत नाही. पण हँडलिंग चार्ज, टेफ्लॉन कोटिंग, ॲक्सेसरीज किट असं काही घुसवलेलं असेल तर ते काढायला सांगायचं, लाजायचं नाही.

शोरूमला जाताना रोजचेच बूट घालून जा. गाडीवर बस, दोन्ही पाय टेकव, मग इंजिन बंद ठेवूनच पायाने दहा-बारा पावलं मागे ढकल, मेन स्टँड लाव आणि काढ. हे घाम न येता जमलं तरच टेस्ट राईडचं बोल, आणि टेस्ट राईड सरळ रस्त्यावर मारून परत नको येऊस, दोन्ही बाजूला यू-टर्न घेऊन बघ. तुझं लायसन्स विदाऊट गिअरचं असेल तर आधी गिअरचं लर्निंग काढ, पक्क्यासाठी किमान ३० दिवस थांबावं लागतंच, तेवढे दिवस मित्राला मागे बसवायचं नाही.

प्रश्न: माझं वय ४३, मानेवाड्याला राहते, वीस-बावीस वर्षांपासून स्कूटरच चालवते. मुलगा पुण्याला गेला, आता मला गिअरची गाडी शिकायची आहे, मनापासून इच्छा आहे. घरचे हसतात. उंची ५ फूट १ इंच. कोणती गाडी बघू, आणि या वयात जमेल का?

उत्तर: ताई, जमेल, आणि तुमचं अर्धं काम आधीच झालेलं आहे कारण रस्ता तुम्हाला वाचता येतो, कोणता ऑटो हात न दाखवता वळणार हे तुम्हाला आधीच कळतं. नवीन पोरांना तेच शिकायला वर्षं जातात. तुम्हाला वेगळीच अडचण येणार आहे, ती आधी सांगतो म्हणजे घाबरायला होणार नाही. स्कूटरवर डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो. बाईकवर त्याच जागी क्लच. समोर अचानक गाय आली की तुमचा डावा हात इतक्या वर्षांच्या सवयीने जोरात दाबला जाणार, आणि बाईकवर त्याने ब्रेक लागत नाही, उलट इंजिन सुटं होऊन गाडी तशीच पुढे जात राहते. डोक्याला माहीत असतं, हाताला माहीत नसतं. म्हणून पहिले काही दिवस गिअर बदलायचं टेन्शन घेऊच नका. ले-आउटमधल्या मोकळ्या मैदानात पहाटे जा, पहिल्याच गिअरमध्ये वीस-पंचवीस पावलं गाडी न्या आणि उजव्या पायाने मागचा, उजव्या हाताने पुढचा असे दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून थांबा, परत न्या, परत थांबा. कंटाळा येईपर्यंत करा. उजवा पाय न सांगता हलायला लागला की मग दुसरा गिअर. आणि या दिवसांत स्कूटर शक्यतो चालवू नका, एक दिवस हे एक दिवस ते केलं की हात गोंधळतो.

गाडी होंडा शाईन १०० बघा, वजन ९९ किलो, म्हणजे ॲक्टिव्हापेक्षाही कमी. स्प्लेंडर, प्लॅटिना पण चालतील. कोणी ॲव्हेंजर सुचवेल, तिची सीट खूप खाली आहे हे खरं, पाय मस्त टेकतात, पण गाडी दीडशे किलोच्या वर आणि लांब, घरासमोरच्या उतारावरून वळवताना दमवते. सलवार-कुर्ता घालून चालवणार असाल तर चेनकव्हर पूर्ण बंद असलेलीच गाडी घ्या, ओढणी मागे सोडू नका. लायसन्स नवीन काढायचं नाही, आहे त्याच्यावर गिअरचा क्लास वाढवून मिळतो, लर्निंग आणि टेस्ट मात्र द्यावी लागेल. शिकवायला घरचं हसणारं कोणी नको, शांत माणूस बघा. आणि गाडी घेतली की आम्हाला नक्की कळवा, वाट बघतोय.

प्रश्न: मुलासाठी सेकंडहँड बाईक घ्यायची आहे, बजेट कमी आहे. कामठीला एक गाडी स्वस्तात मिळते आहे पण पासिंग मध्य प्रदेशचं आहे. घ्यावी का?

उत्तर: काका, छिंदवाडा-सिवनीकडच्या गाड्या आपल्याकडे नेहमी येतात आणि स्वस्त वाटतात, पण तिकडच्या आरटीओची एनओसी, मग इथला टॅक्स, इथलं पासिंग, हे सगळं जोडलं की स्वस्तपणा बराचसा संपतो, वर चकरा वेगळ्या. एनओसी हातात नसेल तर एक रुपया बयाणा देऊ नका. नागपूर पासिंगची, म्हणजे एमएच ३१, ४९ किंवा ४० ची मिळाली तर तीच बरी. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर बँकेची एनओसी मागा, चेसिस नंबर आरसीशी स्वतः जुळवून बघा, चलानं बाकी आहेत का ते ऑनलाईन दिसतं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या आणि ट्रान्सफर टाकलं की मगच पूर्ण पैसे. इन्शुरन्सही मुलाच्या नावावर करायला विसरू नका.

गाडी बघायला सकाळी जा आणि पोहोचल्याबरोबर इंजिनजवळ हात नेऊन बघा, चटका बसेल म्हणून लावू नका. गरम असेल तर मालकाने तुम्ही यायच्या आधी सुरू करून ठेवली, म्हणजे इंजिन थंड असताना सुरू व्हायला त्रास देत असेल, दुसऱ्या दिवशी न सांगता या. पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर ऑईलचा ओला गोल दिसतो का बघा. मोकळ्या रस्त्यावर हळू चालवताना हँडल एका बाजूला ओढतं का ते बघा, ओढत असेल तर गाडी ठोकलेली असण्याची शक्यता आहे, सोडून द्या, कितीही स्वस्त असो. टायरवर चार आकडे असतात, २३२१ असेल तर २०२१ सालचा २३ वा आठवडा, नक्षी भरपूर दिसली तरी आपल्या उन्हात जुनं रबर कडक होतं आणि पावसात घसरतं, तसं असेल तर दोन टायरचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. तुमच्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

प्रश्न: गाडीतच सगळे पैसे गेले, हेल्मेट सध्या रस्त्यावरचं घेतलं तर चालेल का? आणि उन्हाळ्यात हेल्मेटखाली दुपट्टा बांधतो, त्याने काही होतं का?

उत्तर: नाही चालणार. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं टू-व्हीलरचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, आणि फुटपाथवर नुसतं स्टिकर चिकटवलेलं पण मिळतं, म्हणून दुकानातून बिल घेऊनच घ्या. लेग गार्ड, सीट कव्हर, मोबाईल होल्डर सगळं पुढच्या महिन्यावर ढकला, हेल्मेट नाही. मागे बसणाऱ्यालाही कायद्याने लागतंच, त्यामुळे दोनचं बजेट धरा. घालून पट्टा लावा आणि हाताने डावी-उजवीकडे हलवा, गालाची कातडी सोबत हलली पाहिजे, हेल्मेट एकटंच फिरलं तर साईज मोठी आहे.

दुपट्ट्याचं विचारलंत ते फार बरं केलं, आपल्याकडे अर्धं गाव तसंच फिरतं. जाड दुपट्टा दोन-तीन वेढे मारून वर हेल्मेट चढवलं की हेल्मेट डोक्यावर बसत नाही, दुपट्ट्यावर बसतं, आणि पडल्यावर निघून जाऊ शकतं. दुपट्टा मावावा म्हणून मोठी साईज घेणारे लोक आहेत, मग नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपल्यावर पावसाळाभर तेच ढिलं हेल्मेट. आत पातळ सुती टोपी घाला, मानेपर्यंत येणारी मिळते, आणि दुपट्टा पाहिजेच असेल तर हेल्मेटच्या खालून मानेला गुंडाळून टोकं शर्टच्या आत खोचा. नवीन हेल्मेट घ्यायला जाताना ती टोपी घालूनच जा.